हेमलतेची शेवटची सोळा पानं

“मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आजची ही संध्याकाळ सुवर्णाक्षरांनी लिहिली जाईल!” निवेदक चारुहास गर्जला आणि माझी खुर्ची करकरली.

“कट!” काचेमागून निर्मात्या कामतबाईंचा आवाज आला. “पंचांनी हलू नये.”

चारुहासने कपाळ टिपलं आणि तीच संध्याकाळ पुन्हा सुवर्णाक्षरांनी लिहायला घेतली. या वेळी मला शिंक आली. तिसऱ्या खेपेला इतिहासाने सहकार्य केलं, तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. टीव्हीवर तेव्हा ‘ग्रंथसंग्राम’ नावाची प्रश्नमंजूषा लागत असे. प्रत्येक वाचनालयाने आपला एक वाचक पाठवायचा, त्याने पुस्तकांवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि शेवटी जो उरेल त्याच्या वाचनालयाला एक हजार पुस्तकं बक्षीस. मी पंच होतो. साप्ताहिकातलं माझं विनोदी सदर वाचून मला साहित्यातलं काही कळत असावं, असा कामतबाईंचा गैरसमज झाला होता. तो दूर करण्यात माझं काहीच हित नव्हतं. मला एका ऐतिहासिक मालिकेतून उरलेल्या सिंहासनावर बसवत. उजव्या हाताखालच्या सिंहाला नाक नव्हतं. काम एवढंच, की निवेदकाने “पंच?” म्हटलं की मान हलवायची.

अंतिम फेरीत दोघं उरले होते. एक पुण्याचे प्राध्यापक देवस्थळी. गोरे, किरकोळ, बोलताना डोळे मिटून घेणारे. दुसऱ्या, लिंबदऱ्याच्या हौसाबाई शेवाळे. वय पंचेचाळीस-सत्तेचाळीस, इस्त्रीची हिरवी साडी, मनगटं पैलवानाची. ओळख करून देताना त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सरळ सांगितलं, “आमच्या वाचनालयाची पुस्तकं कमी भरली आहेत. वाळवी लागली. मार्चपर्यंत संख्या पूर्ण झाली नाही तर सरकार आमचा अनुदानाचा वर्ग उतरवणार. म्हणून मी आले. नाहीतर मला हौस नाही.”

“नावात तर आहे!” चारुहास म्हणाला.

“ते आईबापांनी ठेवलं,” त्या म्हणाल्या. “त्यांना होती.”

लिंबदऱ्यात मी तरुणपणी दीड वर्ष काढलं होतं, तेही त्याच वाचनालयात. हे मी कुणाला सांगितलं नाही. पंचाने तटस्थ दिसावं लागतं, आणि शिवाय कुणी विचारलंही नव्हतं.

गुण समसमान झाले. राहिला समारोपाचा साहित्यप्रश्न. तो लाखेचं सील लावलेल्या पाकिटातून यायचा. प्रश्न काढणाऱ्या समितीत एक जुने समीक्षक होते. कुणी न वाचलेली पुस्तकं वाचणं हा त्यांचा छंद, आणि ती आपण वाचली आहेत हे कळवणं हा त्यांचा व्यवसाय. चारुहासने पाकीट फोडलं आणि खाकरून वाचलं, “‘हेमलतेचा हट्ट’ या सामाजिक कादंबरीच्या अखेरीस नायिका हेमलता काय करते?”

माझी खुर्ची करकरली. या खेपेला कुणी कट म्हणालं नाही.

घंटी हौसाबाईंनी मारली. मारली म्हणजे काय, ती घंटी नंतर दुरुस्तीला गेली.

“गिरणी टाकते,” हौसाबाई म्हणाल्या.

“क्षमस्व?”

“पिठाची गिरणी. दाराशी टांगा उभा असतो. वडील म्हणतात, नवऱ्याकडे परत जा. ती म्हणते, ‘बाबा, टांगा आला आहे तर तालुक्याला जाऊन इंजिन घेऊन येऊ.’ दहा हॉर्सपॉवरचं आणते. पहिलं दळण गल्लीतल्या म्हातारीला फुकट देते. मग जाहिरात लावते, की बाजरीचं दळण वेगळं दळून मिळेल. तिथे संपतं.”

प्रेक्षक हसले. चारुहासने हातातलं कार्ड उलटंसुलटं केलं. “दुर्दैवानं… प्राध्यापक?”

देवस्थळींनी डोळे मिटले. “हेमलता पतिगृही परतते. पतीच्या चरणी मस्तक ठेवून म्हणते, ‘नाथा, माझा हट्ट या पायांशी संपला.’ पृष्ठ तीनशे चार.”

“अगदी बरोबर!” चारुहास ओरडला.

मी थक्क झालो. त्या कादंबरीचा शेवट मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि पंच म्हणून नव्हे, पण वाचक म्हणून सांगतो, गिरणी बरी होती.

“आमच्या पुस्तकात गिरणीच आहे,” हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. “पुस्तक पिशवीत आहे. दाखवू?”

कामतबाई काचेमागे हातवारे करू लागल्या. पण देवस्थळी एकदम उजळले. “हा पाठभेद असू शकतो! एकाच कादंबरीचे दोन शेवट! प्रत पंचांना दाखवावी, अशी माझी विनंती आहे.” जिंकत आलेला माणूस स्वतःच्या पायावर एवढ्या आनंदाने धोंडा पाडून घेताना मी दुसरा पाहिलेला नाही. प्राध्यापकांना पुस्तकांपेक्षा पाठभेद प्रिय असतात.

हौसाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. मी ते मागून उघडलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं छापील. पुढची सोळा हाताने लिहिलेली, निळ्या-काळ्या शाईची, आता तांबूस झालेली. अक्षर छापल्यासारखं दिसावं म्हणून लिहिणाऱ्याने फार कष्ट घेतले होते. ते कष्ट मला ओळखीचे होते. ते माझेच होते.

“पंच?” चारुहास म्हणाला.

“पाच मिनिटं द्या,” मी म्हणालो.

“चहा!” कामतबाई ओरडल्या. दिवे विझले.

त्या पाच मिनिटांत घडलं ते सांगण्याआधी सदुसष्ट सालात जाऊन येतो. फार वेळ लागणार नाही.

बी.ए.त आपटल्यावर माझ्या ग्रंथपाल मामांनी मला त्यांच्या लिंबदऱ्याच्या वाचनालयात मदतनीस म्हणून चिकटवलं. दर श्रावणात फाटकी पुस्तकं बांधणीला जायची. आमच्या बाइंडरचं तत्त्व असं, की पुस्तक चौकोनी दिसलं पाहिजे. त्यात मजकूर कापला गेला तर वाचक हुशार असतात. त्या वर्षी ‘हेमलतेचा हट्ट’ बांधून आलं ते शेवटच्या सोळा पानांशिवाय. तो सोळा पानांचा फर्मा त्याने दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून मजबुतीसाठी लावला होता. कुठल्या ते त्यालाही आठवेना. दोनशे अठ्ठ्याऐंशीवं पान असं संपत होतं: ‘टांगा दाराशी उभा होता. हेमलतेने उंबऱ्यात पाऊल ठेवले, पदर सावरला आणि ती म्हणाली,’

म्हणाली आणि स्वल्पविराम. पुढे कोरा पुठ्ठा.

त्या स्वल्पविरामावर येऊन अडकल्या त्या नेमक्या मामलेदारीणबाई. “काय म्हणाली ते मला शनिवारपर्यंत कळलं पाहिजे,” असं त्यांनी मामांना बजावलं. प्रकाशक बुडाला होता, पुण्याला पुस्तक मिळेना. मामा मला म्हणाले, “तू बी.ए.ला मराठी घेतलं होतंस ना? मग बस.”

“पण मी नापास झालोय.”

“म्हणूनच सोळा पानं सांगतोय. पास झाला असतास तर आख्खी कादंबरी सांगितली असती.”

मी बसलो. वाचनालयासमोर पिठाची गिरणी होती. दिवसभर तिची फटफट. हेमलता काय म्हणाली असेल याचा मी खूप विचार केला, पण गिरणीशिवाय दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. शनिवारी मामलेदारीणबाई पुस्तक घेऊन गेल्या. सोमवारी परत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. “शेवट फार वेगळा आहे हो,” म्हणाल्या. माझ्या लेखनाला मिळालेला तो पहिला अभिप्राय. त्यानंतर मी लिंबदरं सोडलं, लेखक झालो आणि ती सोळा पानं विसरलो. लेखकाला स्वतःची पापं विसरण्याची सवय असावी लागते, नाहीतर दुसरं पुस्तक होत नाही.

तर, चौऱ्याण्णव साल. पडद्यामागे लाकडी फळ्यांच्या ढिगावर हौसाबाई बशीतून चहा पीत बसल्या होत्या. मी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

“बाई, एक सांगायचंय,” मी म्हणालो. “ही शेवटची पानं मूळ पुस्तकातली नाहीत. कुणीतरी मागाहून घातलीयत.”

“मला ठावं हाय.” कॅमेऱ्यासमोर छापील मराठी बोलणाऱ्या बाई फळ्यांवर बसताच गावच्या झाल्या होत्या. “हातानं लिवल्यालं हाय. आंधळी वाटले व्हय मी?”

“ती… मी लिहिलीयत.”

त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ते बी कळलं. पुस्तक उघडलंसा आन् तुमचं त्वांड असं झालं, दळणाच्या डब्यात पाल घावल्यागत. म्हनलं, हाच तो मानूस.”

“मी फसवलं तुम्हाला. खरा शेवट प्राध्यापक म्हणतात तोच असणार.”

“त्योच हाय की. वाचलाय मी.”

आता खाली बसायची पाळी माझी होती. “वाचलाय? मग उत्तर चुकीचं का दिलंत? हजार पुस्तकं होती त्यात! वाचनालयाचा वर्ग…”

“बसा. सांगते,” त्या म्हणाल्या. “भात्तर साली मी माहेरी आलते. नवरा हात उचलायचा. ह्यो असा.” त्यांनी डावी बाही थोडी वर केली आणि लगेच खाली केली. “सात म्हैने झालते. यके दिवशी सासू, दीर आन् गावचा पाटील, समदी मला न्यायला आली. बा म्हनला, जा. आई म्हनली, जा. भाऊ न्हाई-हो न्हाई-हो करत होता, त्यो बी जा म्हनला. आन् मी सैपाकघरात ह्ये पुस्तक वाचत होते. कुठं आलते सांगा?”

“दोनशे अठ्ठ्याऐंशी,” मी म्हणालो.

“टांगा दाराशी. आमच्या दाराशी बैलगाडी, यवढाच फरक. मी भाईर आले, म्हनलं, सोळा पानं ऱ्हायल्यात, तेवढी वाचून सांगते.”

“सासरच्या माणसांना?”

“मग! च्या दिला त्यास्नी. पाटील म्हनला, पुस्तकात काय बघायचं ऱ्हायलंय? म्हनलं, तिचं काय झालं ते. दीर लागला कावायला. सासू म्हनली, वाचू दे, येडी झालीया, वाचून झालं की येईल.” हौसाबाई हसल्या. “मी आत जाऊन वाचलं. भाईर येऊन म्हनलं, म्या येत न्हाई. गिरनी टाकनार हाय.”

पलीकडे कुणीतरी दिव्याची तार ओढत होतं. विनोदी लेखकाला असे प्रसंग वर्षातून एकदा येतात, तेव्हा त्याने तोंड बंद ठेवावं.

“वरसानं टाकली,” त्या म्हणाल्या. “यकवीस वरसं झाली. मंग यकदा कराडला लग्नाला गेलते. तितल्या वाचनालयात ह्येच पुस्तक दिसलं, आख्खं छापील. हौसंनं शेवट काडला. बघते तर बया पाया पडतीया! अर्धा तास बाकड्यावर बसून ऱ्हायले. जेवन चुकलं लग्नाचं.”

“राग आला असेल.”

“आला की. तुमच्यावर न्हाई, तिच्यावर. मंग म्हनलं, आता काय करतीस हौसे? मशीन तर बसवून झालंय.”

मी हातातलं पुस्तक मिटलं. “पण आज खरं उत्तर दिलं असतंत, तर…”

“टीवीवर?” त्यांनी डोळे मोठे केले. “आख्खं लिंबदरं बघनार हाय ह्यो कारेकरम. ह्ये पुस्तक माज्या गिरनीवर असतं, साहेब. दळान हुस्तवर बाया वाचत बसत्यात. जिला वाचता येत न्हाई तिला दुसरी वाचून दावती. तिगी-चौगींनी आपापलं कायबाय केलंय त्यापायी. यकीनं शेळ्या घेतल्या, यक नर्सबाई झाली. आन् मी टीवीवर सांगू, ती पाया पडली म्हनून? मंगळवारी दळान घिऊन येत्याल त्यास्नी कुठल्या तोंडानं पीठ घालू?”

“मग मी आता काय करू?” पंचाने स्पर्धकाला विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न.

“बक्षीस त्या मास्तरास्नी द्या. त्यांचं बराबर हाय, मानूस बी चांगला हाय. पन शेवट माझा ऱ्हाऊ द्या.”

“वाचनालय?”

बाईंनी बशी उचलली. चहा संपला होता, तरी बशीतच बघत राहिल्या. “बघू,” एवढंच म्हणाल्या.

दिवे लागले. मी सिंहासनावर चढलो.

“पंच?” चारुहास म्हणाला.

मी मान हलवली नाही. माझ्या कारकिर्दीत प्रथमच बोललो. “कार्डाप्रमाणे प्राध्यापक देवस्थळींचं उत्तर बरोबर आहे. ते विजयी आहेत. मात्र लिंबदऱ्याची प्रत मी स्वतः तपासली आहे. लिंबदऱ्यात हेमलता गिरणी टाकते. ती परत गेल्याचं तिथे कुणाच्या वाचनात नाही, आणि आता तिने जाण्याचं काही कारणही नाही. लिंबदऱ्याच्या वाचकांनी आपला शेवट बदलू नये.”

चारुहास काचेमागच्या कामतबाईंकडे बघू लागला. देवस्थळींनी मात्र डोळे उघडले आणि उठून हौसाबाईंना नमस्कार केला. “पाठभेद महत्त्वाचा आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. एवढ्यात ‘टाळ्या’ असं लिहिलेली पाटी उजळली आणि प्रेक्षकांनी आमची सगळ्यांची सुटका केली.

कार्यक्रम आटोपल्यावर मी हौसाबाईंना स्टुडिओच्या फाटकापाशी गाठलं. परतीच्या गाडीची वाट बघत त्या पिशवीवर बसल्या होत्या. एका अर्थी मी उदात्त झालो होतो. त्या अवस्थेत माणूस फार काळ गप्प राहू शकत नाही.

“हौसाबाई, माझ्या घरी अभिप्रायार्थ आलेली पुस्तकं आहेत. अकराशेच्या वर. पलंगाखाली, माळ्यावर, मोरीच्या वरसुद्धा. ती सगळी मी लिंबदऱ्याला पाठवतो.”

त्या उभ्या राहिल्या. “खरंच?”

“खरंच. फक्त त्यातले आठेकशे कवितासंग्रह आहेत.”

“असू द्यात. सरकार मोजतं, वाचत न्हाई.” त्यांनी पदराने डोळे टिपले, मग मला दिसलं म्हणून चेहराही टिपला. “वर्ग ऱ्हाईल मग आमचा. लई उपकार झाले.”

“उपकार कसले? माझंच देणं होतं ते.” मी घसा साफ केला. तीस पुस्तकं लिहिलेल्या माणसाने विचारू नये तो प्रश्न माझ्या तोंडून निघालाच. “बाई, ती सोळा पानं… लेखन म्हणून… कशी वाटली?”

हौसाबाईंनी थोडा विचार केला.

“पट्टा चुकलाय.”

“कुठला पट्टा?”

“इंजिनाचा. सहाव्या पानावर तुमी पट्ट्याला पीळ दिऊन चाकावर चढीवलाय. पीळ दिला की दगड उलटा फिरतो. म्या पयल्यांदा बसीवला त्यो तुमी लिवल्यालं बघूनच बसीवला. दोन दिस आख्ख्या गावाला भरडा खायाला घातला.” मग माझा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, “म्या खाली पेन्सिलीनं दुरुस्त करून ठिवलंय. आता कुनाची अडचन न्हाई.”

आजवर माझ्यावर पुष्कळ टीका झाली. इतकी मुद्देसूद पुन्हा झाली नाही.

गाडी आली. हौसाबाई पिशवी घेऊन आत बसल्या आणि काच खाली करून त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज बराच खाली आणला.

“साहेब, यक काम हुतं. न्हाई म्हनू नका. आमच्या वाचनालयात आनखी यका पुस्तकाची शेवटची पानं गेल्यात. बाया लई दिवस मागं लागल्यात.”

माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. “कुठली कादंबरी?”

“कादंबरी न्हाई, लोनच्याचं पुस्तक हाय. कुठं आख्खं घावलं तर तेवढ्या पानांची झेरॉक्स काडून पाठवा,” त्या म्हणाल्या. मग माझ्या हाताकडे बघून पुढे म्हणाल्या, “तुमी लिवू नका.”